खोली नंबर सहा

कुपवाड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला
खोतअप्पांच्या नऊ खोल्या, पत्र्याच्या, एका ओळीत.
स्कूटीवर पायांशी माझी शेगडी, पोत्यात गुंडाळलेली,
पर्समध्ये लोहचुंबक.
आज सहावी खोली.

सुभासिनी नाएक दारात उभी.
मागची भिंत पत्र्यापर्यंत काळी.
चुलीत फोडलेल्या पॅलेटचं लाकूड,
निळा रंग दिलेलं, धूरही
जरा निळसरच, जिभेवर कडू.

मी मराठीत बोलते, ती ओडियात ऐकते.
मध्ये लिपी, तिसरीतली, लाल रिबनवाली,
इकडचं तिकडे नेते, वाटेत थोडं सांडते.
माझी पाच मिनिटं, वॅट, युनिट, छातीतला धूर,
ती आईला दोन शब्दांत देऊन टाकते.
मग मला, अस्सल कुपवाडी हेल काढून :
"बोउ म्हणतीया, आग कुठं हाय?"

आग नाहीच यात.

"मग म्हणतीया, शिजतंय कशावर?"

याचं उत्तर प्रशिक्षणात छापून दिलेलं.
पाठ आहे मला.
तोंड उघडलं आणि खोकलाच आला.

चुंबक काढला, तिच्या डेकचीला लावला.
घसरला.
गंजामहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणलेली,
बुडाला पोचे, काठावर तिच्या आईचं नाव टोचलेलं.
पातेल्याला लावला. घसरला.
कढईला मात्र टक्क.
लिपीनं टाळी वाजवली. सुभासिनीनं नाही.
तिनं डेकची पदरानं पुसली, उगाच,
आणि माझ्यापासून जरा लांब सरकवली.

तरी कढईत पाणी ठेवलं, बटण दाबलं.
बुडबुडे यायच्या आत
नऊच्या नऊ खोल्या अंधारात.
"आरं!" "अरे!" "अय्यो!"
आणि बॅटरी नाचवत खोतअप्पा :
"मॅडम, माझं वायरिंग बल्बापुरतं, पंख्यापुरतं.
तुम्ही काय हत्ती बांधताय व्हय?"

त्या अंधारात फाउंड्रीतून गौरांग आला.
डबा ठेवला. मोबाइलच्या उजेडात
शेगडी उलटी केली, जाळीतून आत पाहिलं,
आणि माझ्याआधी तोच म्हणाला, "इंडक्शन."
मग बायकोशी बोलत राहिला, हातांनी,
एक वेटोळं, वेटोळ्यात काहीतरी चढत जाणारं,
कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे ठिपके
उजेडात येत, जात.
सुभासिनी पहिल्यांदा शेगडीजवळ बसली.

लिपे, काय म्हणाले?

"बापा म्हणत्यात, कामावर हीच हाय. मोठ्ठी.
तिच्यात लोखंडाचा भात हुतो."

छापील कागद मी पर्समध्ये
आणखी खाली ढकलला.

पुढच्या रविवारी मुबारक शिकलगारनं
जाड वायर ओढली, सोळा अँपियरचा पॉइंट बसवला.
खोतअप्पांनी सबमीटरचा आकडा वहीत लिहिला,
दोनदा, चश्मा काढून आणि लावून,
आणि भाडं पन्नासनं वाढवलं. मी भांडले. तीस झालं.

आता भात स्टीलच्या पातेल्यात.
चूल आहे अजून, बाहेर, मासे भाजायला.
भिंत तशीच काळी, तिला कोण रंग देतंय.
डेकचीत रात्री पखाळ भिजतो,
उरलेला भात, थंड पाणी.
त्याला आग लागत नाही,
चुंबकही लागत नाही.

माझा चुंबक लिपीनं मागून घेतला होता, दोन दिवसांसाठी.
कडीला लावला, दप्तराच्या बक्कलला,
अप्पांच्या दाराला, त्यांच्या बकरीला.
परत दिला तेव्हा त्यावर काळी लव उभी होती,
बारीक, मांजराच्या केसांसारखी.

हे काय गं?

"बापाच्या शर्टाला लावला हुता."

सातव्या खोलीत जायचंय उद्या.
चुंबक पुसायला हवा.